नियम लेकीला ठरवू द्या

प्रश्न : माझं मिरजेत हार्डवेअरचं दुकान आहे. मुलगी दुसरीत शिकते. रात्री दुकान बंद करून घरी येतो तेव्हा ती आईच्या मोबाइलवर फुगे फोडत बसलेली असते. मला वाटतं, तिला घेऊन बसावं, एखादा साधा खेळ आपणच कॉम्प्युटरवर बनवावा आणि दोघांनी मिळून खेळावा. पण माझं शिक्षण बारावीपर्यंतच झालं, प्रोग्रामिंग येत नाही, इंग्रजी कामापुरतं. दुकानाच्या बिलांसाठी घेतलेला एक जुना लॅपटॉप घरी पडून आहे. कोडिंगच्या एका क्लासमध्ये चौकशी केली तर फी ऐकूनच परत आलो. ‘आत्ता शिकली नाही तर मागे पडेल,’ असंही तिथल्या बाई म्हणाल्या. मला हे घरी जमेल का? सुरुवात कुठून करू?
— एक बाबा, मिरज

उत्तर : दादा, जमेल. आणि फीचे पैसे तूर्त तसेच राहू द्या. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातसुद्धा कोडिंग सहावीपासून पुढे धरलं आहे. दुसरीतली मुलगी कुणाच्याही मागे पडत नाहीये. तुम्हाला तिच्यासोबत खेळायचं आहे, हे कारण मला फार मोलाचं वाटतं. मी साताऱ्यात मराठी शाळेत पुष्कळ वर्षं कॉम्प्युटर शिकवला. आईवडील शेजारी बसले की मूल किती मन लावून बसतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

तुमच्या कामाचं साधन म्हणजे ‘स्क्रॅच’. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटानं ते तयार केलं आणि २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. त्याला एक पैसाही पडत नाही. ब्राउझरमध्ये चालतं, विंडोजच्या लॅपटॉपवर एकदा उतरवून घेतलं तर नंतर इंटरनेटही लागत नाही. आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत, रंगीत ठोकळे माऊसनं ओढून एकाखाली एक अडकवायचे असतात. हालचालीचे ठोकळे निळे, सुरुवात करून देणारे पिवळे, हिशेबाचे हिरवे. आठ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी ते बनवलेलं आहे, पण तुम्ही शेजारी असताना सात वर्षांच्या मुलीला काही अडचण येणार नाही.

इंग्रजीची काळजी सोडा. मूव्ह, टर्न, वेट, रिपीट, फॉरएव्हर, इफ, टचिंग असे पंधरा-वीस शब्द ओळखता आले की बराच लांबचा पल्ला गाठता येतो. एक वही करा. शब्द, शेजारी त्याचा अर्थ, आणि त्या ठोकळ्याच्या रंगाचा एक ठिपका. ठिपके लेकीला काढू द्या. पात्रांची नावं, गुणांच्या खात्याची (व्हेरिएबल, म्हणजे आकडा साठवायची जागा) नावं, पात्रांचं बोलणं हे सगळं मराठीत लिहिता येतं. फक्त आकडे मात्र इंग्रजी अंकांतच टाका, नाहीतर हिशेब चालणार नाही.

पहिल्या संध्याकाळी आंबे झेलायचा खेळ करा. माझ्या मुलासाठी मी पहिल्यांदा बनवला तो हाच. तेव्हा काळ्या पडद्यावर जीडब्ल्यू-बेसिक या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत ‘ओ’ हे अक्षर म्हणजे आंबा आणि दोन तिरप्या रेघा म्हणजे टोपली. तो हरखून जायचा, कारण पडणारा आंबा आमच्या परसातल्या झाडाचा होता, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. तुमच्याकडे तर चित्रं काढायची सोय आहे. टोपली आणि आंबा तिलाच काढायला सांगा. आंबा जांभळा झाला तरी चालेल.

स्क्रॅचचा पडदा, म्हणजे स्टेज, ४८० ठिपके रुंद आणि ३६० ठिपके उंच असतो. मधोमध शून्य. उजवीकडे २४० पर्यंत, डावीकडे उणे २४० पर्यंत. वर १८०, खाली उणे १८०. टोपलीला एवढंच सांगायचं, की माऊस जिथे जाईल तिथे आडवी सरकत राहा. आंब्याला सांगायचं : वरच्या कडेला जा, आडवी जागा उणे २२० ते २२० मधली कुठलीही घे, मग दर वेळी ५ ठिपके खाली ये. टोपलीला लागलास तर गुण एकानं वाढव आणि पुन्हा वर जा. जमिनीपर्यंत पोचलास तरी पुन्हा वर जा. झाला खेळ. तासाभरात उभा राहतो.

आता माझं खरं सांगणं इथून पुढे आहे. खेळ चालायला लागला की तुमचा हात आवरा. तिला विचारा, ‘आता यात काय बदलू या?’ ती म्हणेल, आंबा हळू पडू दे. ५ च्या जागी २ टाकायला तिलाच सांगा. ती म्हणेल, एखादा आंबा सडका पाहिजे, तो झेलला तर गुण कमी. करा. ती म्हणेल, बाबा हरलेच पाहिजेत. तेही करा, बाबांची टोपली लहान करायचा ठोकळा आहे. मोबाइलवरच्या फुग्यांचे नियम कुणीतरी दूर बसून ठरवलेले असतात आणि मुलानं ते मुकाट्यानं पाळायचे असतात. इथे नियम तिच्या हातात आहेत. एखादा नियम बदलल्यावर खेळ बिघडला, फारच सोपा झाला किंवा कुणालाच जिंकता येईना, तर ते तिला खेळता खेळता दिसेल आणि ती स्वतःच म्हणेल, ‘नको, आधीचंच बरं होतं.’ त्या क्षणी ती विचार करत असते. त्याच्यासाठी मी तुम्हाला एवढं लांबलचक लिहिते आहे.

म्हणून रात्री ती झोपल्यावर एकट्यानं बसून खेळ देखणा करून ठेवू नका. अर्धवट राहू द्या. सकाळी तिला काही करायला शिल्लक हवं.

आठ-पंधरा दिवसांनी सापशिडी घ्या. ती सगळ्यांना पाठ असते, आणि स्क्रॅचमध्ये ती फार छान बसते. स्टेज ३६० उंच, घरं दहा ओळींत, म्हणजे एक घर बरोबर ३६ ठिपक्यांचं! पट स्टेजच्या मधोमध ठेवला तर पहिल्या घराचा मध्य उणे १६२, उणे १६२ इथे येतो. सोंगटी कुठे न्यायची याचा हिशेब तुम्ही करायचा. दुकानात रोज चौरस फूट काढता, तुम्हाला तो अवघड नाही. घराच्या आकड्यातून एक वजा करा आणि दहानं भागा. भागाकार म्हणजे खालून कितवी ओळ, बाकी म्हणजे ओळीतली कितवी जागा. दोन्ही शून्यापासून मोजायचं. सापशिडीत एकाआड एक ओळ उलटी जाते, म्हणून ओळ विषम असेल तर बाकी ९ मधून वजा करायची. उदाहरणार्थ ३५ वं घर. ३४ भागिले १०, भागाकार ३, बाकी ४. ओळ विषम, म्हणून ९ वजा ४ म्हणजे ५. आडवी जागा उणे १६२ अधिक ३६ गुणिले ५, म्हणजे १८. उभी जागा उणे १६२ अधिक ३६ गुणिले ३, म्हणजे उणे ५४. सोंगटी नेमकी ३५ वर जाऊन बसते. हा हिशेब मुलांना दाखवताना मला दर वेळी तितकाच आनंद व्हायचा.

साप आणि शिड्या कुठे, हे मात्र तिनं ठरवायचं. सापशिडीच्या जुन्या भारतीय रूपाला आपल्याकडे मोक्षपट म्हणतात, आणि आपली परंपरा त्याचं नातं ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. तुमच्या घरचा मोक्षपट करा. दात न घासता झोपलं तर साप, आजीला पाणी नेऊन दिलं तर शिडी. बाबांसाठीही एक साप ठेवायला सांगा. कुठला, ते तिला बरोबर माहीत असतं. स्क्रॅचमध्ये आवाज भरता येतो, तेव्हा साप चावल्यावर येणारी किंकाळी तिच्याच आवाजात असू द्या.

फासा म्हणजे १ ते ६ मधला कुठलाही आकडा निवडून देणारा हिरवा ठोकळा. दोन-तीनदा हरली की ती म्हणणार, ‘कॉम्प्युटर लबाडी करतो, मला सहा देतच नाही.’ तिची समजूत घालत बसू नका. वहीत १ ते ६ लिहा, फासा साठ वेळा टाका आणि प्रत्येक आकड्यापुढे ती एकेक रेघ मारत जाईल. प्रत्येकाच्या वाट्याला दहाच्या आसपास रेघा येतील, बरोबर दहा बहुधा येणार नाहीत. मग खरा लाकडी फासा घेऊन तेच करा. दोन्हीकडच्या रेघा शेजारी शेजारी ठेवून ती बघेल. लबाडी आहे की नाही, हे तिचं तिला ठरवू द्या.

वेळेचं म्हणाल तर रोज बसायची गरज नाही. आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी, अर्धा-पाऊण तास. चित्रं आणि पट आधी कागदावर काढा. तो वेळ पडद्यासमोर जात नाही, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात चांगल्या कल्पना कागदावरच निघतात.


प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. समज उत्तम आहे, गोष्टी ऐकायला आवडतात, पण हातांवर ताबा कमी. उजवा हात थोडा चालतो, बोटं वेगळी हलत नाहीत. मोठ्या बहिणीचे गेम तो बघत बसतो, खेळता येत नाही म्हणून रडतो. मी बँकेत काम करते, स्क्रॅच थोडंफार शिकले आहे. त्याला खेळता येईल असं काही बनवता येईल का?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी पुनःपुन्हा वाचलं. विकत मिळणारा खेळ हजारो मुलांच्या सरासरी हाताला बेतलेला असतो. तुम्ही बनवाल तो एकाच हाताला बेतलेला असेल, त्याच्या हाताला. आईनं खेळ बनवण्याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही.

एकच कळ वापरायची असं ठरवून टाका, स्पेसबार. ती सगळ्यात लांब असते आणि मुठीनंही दाबता येते. जाड पुठ्ठा कीबोर्डच्या मापाचा कापा, स्पेसबारपुरतीच खाच ठेवा आणि वरून बसवा, म्हणजे बाकीच्या कळा चुकून दाबल्या जाणार नाहीत. कीबोर्ड टेबलावर कुठे, किती उंच, किती तिरका ठेवायचा, हे त्याच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टना विचारून घ्या. हाताऐवजी कोपरानं किंवा डोक्यानं दाबायचं मोठं बटणही मिळतं. ते त्याच्यासाठी योग्य आहे का, हेही तेच सांगू शकतील. ‘मेकी मेकी’ नावाची कॉम्प्युटरला जोडायची एक छोटी इलेक्ट्रॉनिक पाटी २०१२ पासून मिळते. तिला वायरनं जोडलेली वीजवाहक वस्तू कळीचं काम करते. एक वायर मनगटाला आणि दुसरी स्टीलच्या ताटलीला लावली, की ताटलीला हात लागणं म्हणजेच स्पेसबार.

पहिला खेळ असा करा. एसटी डावीकडून येते, मधे थांबा आहे, थांब्यापाशी आली की स्पेस दाबून थांबवायची. बरोबर थांबली तर माणसं चढतात, घंटी दोनदा वाजते आणि एसटी निघते. थांबा चुकला तर एसटी फेरी मारून परत येते. हरणं ठेवूच नका. घड्याळ ठेवू नका. गाडीचा वेग एका खात्यात ठेवा, म्हणजे त्याच्याकडे बघत बघत तुम्हाला कमी-जास्त करता येईल. थांब्याची रुंदीसुद्धा तशीच.

दोन बारीक गोष्टी आहेत, पण त्यांच्यावरच सगळा खेळ टिकतो. एक : त्याची मूठ कळीवरून लवकर उचलली जात नसेल, तर कॉम्प्युटरला ती एकामागून एक अनेकदा दाबल्यासारखी वाटते. म्हणून एकदा दाबल्यावर ‘कळ सुटेपर्यंत थांब’ असं सांगणारा भाग जोडा. ‘वेट अन्टिल’ हा ठोकळा घ्या आणि त्याच्या आत ‘नॉट’ लावून ‘स्पेस दाबलेली आहे का’ हा ठोकळा बसवा. दोन : हात नकळत हलून पाठोपाठ दुसऱ्यांदा कळ दाबली जात असेल, तर प्रत्येक दाबानंतर एक सेकंद खेळानं कळीचं काहीही ऐकायचं नाही, असं ठेवा. हा एक सेकंद त्याच्या हाताप्रमाणे दीड करा, दोन करा. या दोन गोष्टी नसल्या की मुलाला वाटतं आपलंच चुकतंय, आणि तो खेळ सोडतो. दोष हाताचा नसतो. खेळ त्याच्यासाठी नीट बेतलेला नसतो.

गाडी जमू लागली की निवडीचा खेळ करा. पडद्यावर चार मोठी चित्रं. त्यांच्यापैकी एकेक पाळीपाळीनं उजळतं, दोन-तीन सेकंद उजळलेलं राहतं, मग पुढचं. हवं ते उजळलं की त्यानं स्पेस दाबायची. एकदा हे जमलं की एसटीचा रंग कुठला, ती कुठल्या गावाला जाणार, कोण चढणार, थांबा चुकला तर कंडक्टर काय म्हणणार, हे सगळं तो सांगू शकतो. म्हणजे खेळ बनवणाराही तोच झाला. कंडक्टरच्या आवाजासाठी बहिणीला पकडा. आणि तिच्यासोबत पाळीपाळीनं खेळायची सोय ठेवा : दोघांना तीच एक कळ, तोच वेग. तिलाही एका कळीवर खेळताना घाम फुटेल असे खेळ तुम्ही नक्की बनवाल.

मला पुन्हा लिहा. तो कुठली एसटी निवडतो, ते मला खरंच जाणून घ्यायचं आहे.


प्रश्न : मुलगा सहावीत. मी त्याच्यासाठी स्क्रॅचमध्ये एक खेळ बनवला, तर म्हणतो, ‘आई, हे बाळांचं आहे, खऱ्या गेमसारखं कर.’ पुढे काय करावं?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, बनवणं आता त्याच्याकडे द्या आणि तुम्ही प्रतिस्पर्धी व्हा. अकरा वर्षांच्या मुलाला दिलेल्या भेटीपेक्षा टक्कर जास्त आवडते. बाजारातल्या मोठ्या खेळांवर शेकडो माणसं काही वर्षं राबतात. ती स्पर्धा घरी करायची नाही. पण १९७२ मध्ये अटारी कंपनीनं ‘पाँग’ आणला, त्यात दोन फळ्या, एक चेंडू आणि गुणफलक एवढंच होतं. ॲलन अल्कॉर्न या इंजिनिअरला अटारीचे एक संस्थापक नोलन बुशनेल यांनी तो सरावाचं काम म्हणून दिला होता. तो इतका रंगला की पुढे व्हिडिओ गेमचा मोठा धंदा उभा राहिला. मुलाला हे सांगा, आणि म्हणा, पाँग कर, आपण दोघं एकाच कीबोर्डवर खेळू. तुमच्याकडे डब्ल्यू आणि एस, त्याच्याकडे वरचा-खालचा बाण. शेजारी खांद्याला खांदा लावून खेळताना जी मजा येते ती त्याच्या मोबाइलवर नाही, हे त्याला पहिल्याच डावात कळेल.

मग मागण्या करा. दर टोल्याला चेंडूचा वेग थोडा वाढव. पाच गुण झाले की जिंकणाऱ्याची फळी आखूड कर. दुसरा चेंडू सोड. प्रत्येक मागणी पुरी करताना त्याला डोकं चालवावं लागेल. उडी मारणारं पात्र हवं असं म्हणाला तर ‘वेग’ नावाचं एक खातं करू द्या : उडी मारताना त्यात १२ भरायचे, दर फेरीला एक कमी करायचा आणि पात्र तेवढंच वर सरकवायचं. वेग शून्याखाली गेला की पात्र आपोआप खाली येऊ लागतं. जमिनीला टेकलं की वेग शून्य करायचा. वर फेकलेला चेंडू असाच वागतो. गच्चीवर जाऊन दाखवा.

स्क्रॅचच्या साइटवर इतरांचे खेळ आतून उघडून बघता येतात, बदलून आपली आवृत्तीही करता येते. सहावीतल्या मुलासाठी ही मोठीच शिदोरी आहे. त्याचा खेळ ‘शेअर’ दाबल्याशिवाय कुणाला दिसत नाही. शेअर करायचा झाला तर साइटवरचं खातं (अकाउंट) तुमच्या ईमेलवर असू द्या आणि खेळात खरं नाव, शाळा, फोटो, स्वतःचा आवाज यांतलं काही नको.

आणि एक गंमत त्याच्यासाठी राखून ठेवा. स्क्रॅचमध्ये वरची दिशा ०, उजवीकडची ९०, डावीकडची उणे ९०. उभ्या फळीवर चेंडू आपटला की त्याची नवी दिशा काय असायला हवी? कागदावर चार-पाच बाण काढून त्याला शोधू द्या. उत्तर एकाच वजाबाकीत मावतं, शून्यातून जुनी दिशा वजा. पण तो स्वतः तिथे पोचेपर्यंत सांगू नका. फळी आडवी असेल तर काय, हा पुढचा प्रश्न, आणि तो त्यानंच तुम्हाला विचारला तर आणखी छान. त्याचं उत्तर १८० मधून जुनी दिशा वजा, असं आहे.